इलिझियम: एका जावयाला मिळालेलं मैदान

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करताना 'इलिझियम' आणि 'इलिझियन फील्ड्स' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्दकोशात त्यांना 'स्वर्ग, नंदनवन' असे प्रतिशब्द दिलेले आहेत. मग 'पॅराडाइज'चा मूळ ग्रीक शब्द हाच का? आणि मराठीत सरळ 'स्वर्ग' लिहून मोकळं व्हावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. पॅराडाइज आणि इलिझियम सख्खे तर सोडाच, चुलत भाऊही नाहीत. एक शब्द इराणातून ग्रीकमध्ये आला आणि तो बागेचा आहे. दुसरा होमरच्या काव्यात एका जागेचं नाव म्हणून येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कधी कधी', आणि ते कधी हे कळायला त्या जागेवर एक फेरफटका मारावा लागेल.

हा घोटाळा मी स्वतः करून बसलेली आहे. ग्रीक पुराणकथांच्या एका संग्रहाचं भाषांतर हे माझं पहिलं मोठं काम. त्यात 'इलिझियन फील्ड्स'चं मी बिनदिक्कत 'स्वर्गातली शेतं' केलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी समासात शिसपेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'स्वर्गात नांगर कोण धरतो?' आधी रागच आला. मग मूळ ग्रीक काढून पाहिलं तर तिथे शेत नव्हतंच. शब्द होता 'पेदिऑन', म्हणजे सपाट मोकळी जमीन, मैदान. पाऊल ठेवायची जागा हा त्याचा मूळ अर्थ, आपल्या 'पद'च्याच कुळातला. लॅटिनमध्ये त्याचं 'काम्पी' झालं, फ्रेंचमध्ये 'शाँ', इंग्रजीत 'फील्ड्स' आणि माझ्या हातून 'शेतं'. तेव्हापासून हा शब्द आला की मी आधी होमर उघडते.

होमरच्या दोन्ही महाकाव्यांत मिळून हे नाव एकदाच येतं, 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात. ओडिसिअसचा मुलगा तेलेमाखस बापाचा ठावठिकाणा शोधत स्पार्टाला मेनेलाओस राजाकडे आला आहे. मेनेलाओस म्हणजे हेलनचा नवरा, जिच्यापायी ट्रॉयचं 10 वर्षांचं युद्ध झालं. आता ती घरी परत आलेली आहे आणि त्याच दालनात बसली आहे. मेनेलाओस आपल्या परतीच्या प्रवासाची हकिकत सांगतो. इजिप्तजवळच्या फारोस बेटावर वारा पडल्यामुळे त्याची जहाजं अडकली होती. सुटकेची वाट ठाऊक होती ती फक्त प्रोतेउस या समुद्रातल्या म्हाताऱ्या देवाला, आणि तो काही सुखासुखी बोलणारा नव्हता. त्याला धरायचं कसं, हे त्याच्याच मुलीने सांगितलं. रोज दुपारी तो पाण्याबाहेर येतो, आपले सील पाच-पाच करून मोजतो आणि मेंढपाळ कळपात आडवा व्हावा तसा त्यांच्यात झोपतो. मेनेलाओस आणि त्याचे तीन साथीदार ताज्या सोललेल्या सीलच्या कातड्यांखाली दबा धरून बसले. त्या कातड्यांचा वास इतका भयंकर होता की त्या मुलीने प्रत्येकाच्या नाकाखाली अमृत लावलं, म्हणून ते तग धरू शकले. म्हातारा आला, मोजणी झाली, तो झोपला, आणि चौघांनी झडप घातली. तो सिंह झाला, साप झाला, चित्ता झाला, रानडुक्कर झाला, पाणी झाला, झाड झाला. यांनी पकड सोडली नाही.

शेवटी तो बोलू लागला, आणि त्यात आधी आली भावाच्या खुनाची बातमी. अगामेम्नॉन घरी पोचल्यावर मारला गेला. मेनेलाओस वाळूत लोळून रडला. हे सगळं झाल्यावर, अगदी उठता उठता, प्रोतेउस त्याच्याविषयी सांगतो. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: तुला मरण यायचं नाही. देव तुला पृथ्वीच्या टोकाला, एल्युसिऑन (हेच इलिझियमचं मूळ ग्रीक नाव) मैदानावर नेतील. तिथे सोनेरी केसांचा राडामांथिस राहतो, तिथे माणसांना जगणं सगळ्यांत सोपं आहे. बर्फ नाही, मोठं वादळ नाही, पाऊस कधीच नाही. ओकेआनोस नदी माणसांना गारवा देण्यासाठी पश्चिमेच्या वाऱ्याच्या झुळका सतत पाठवत असते. आणि हे सगळं का? तर हेलन तुझी बायको आहे, म्हणून तू देवांचा राजा झ्यूस याचा जावई लागतोस.

बस्स. इतकंच कारण आहे.

मूळ ओळीत जावयासाठी 'गांब्रोस' हा शब्द आहे. भाषेचे अभ्यासक त्याचा संबंध संस्कृत 'जामातृ'शी जोडतात, आणि आपला 'जावई' तर 'जामातृ'वरूनच आला. म्हणजे इलिझियमचा दाखला ज्या भविष्यवाणीत पहिल्यांदा मिळतो, त्याच भविष्यवाणीत आपल्या जावईबापूंचा लांबचा नातेवाईक बसलेला आहे. पुण्य, दान, शौर्य, उपास, यातलं काही नाही. सासरा मोठा आहे, इतकंच. 'जामाता दशमो ग्रहः' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटू नये.

नवल दुसऱ्याच गोष्टीचं आहे. 'इलियड'च्या सतराव्या सर्गात अपोलो याच मेनेलाओसला 'मऊ भालाईत' म्हणतो, आपण 'लेचापेचा' म्हणू तसं. आणि ट्रॉयसमोरचा सगळ्यांत मोठा योद्धा अकिलीस? तो 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात पाताळातल्या अंधारात भेटतो आणि म्हणतो, इथे सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या दरिद्री माणसाच्या जमिनीवर मोलमजुरी केलेली परवडली. अकिलीस सावल्यांच्या गर्दीत आणि लेचापेचा मैदानात वारा खात! ही विसंगती पुढच्या ग्रीकांनाही डाचली असणार, असं मला वाटतं. कारण त्यांनी नंतर जे केलं ते बहुतेक हिची दुरुस्ती करण्यासाठीच केल्यासारखं दिसतं.

त्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मेनेलाओस मरून तिथे जाणार नाही. तो सदेह जाणार आहे. होमरकडे मेलेल्यांची जागा वेगळी आहे, ती पाताळाचा देव हादेस याची अंधारी वस्ती. इलिझियम त्या वस्तीचा चांगला विभाग नाही आणि तो आकाशातही नाही. तो याच पृथ्वीवर, पार पश्चिमेच्या कडेला आहे. ओकेआनोस म्हणजे आजचा महासागर समजू नका, पृथ्वीला वेढून वाहणारी ती नदी आहे. तेव्हा होमरच्या संदर्भात 'स्वर्ग' लिहिलं की वाचकाच्या डोक्यात तीन चुका एकदम शिरतात: वर असणं, मरून जाणं आणि पुण्याईने मिळणं. मराठीत जवळचा शब्दप्रयोग शोधायचाच तर तो 'सदेह वैकुंठ' हा आहे. तुकोबांमुळे तो आपल्या कानांत आहे. पण त्यातही पुण्याई येतेच.

त्या जागेचं हवामानही पाहा. पाऊस नाही हे तिथलं सुख! ग्रीक माणसाला पाऊस म्हणजे हिवाळा, खवळलेला समुद्र, बंद पडलेली जहाजं. आपल्याकडे मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्याला बिनपावसाचं सुख सांगून पाहा. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातल्या 113व्या सूक्तात सोमाकडे अमरपणाची जागा मागितली आहे. तिथे वैवस्वत राजा आहे, अखंड प्रकाश आहे आणि खळाळतं पाणीही आहे. ज्याला जे कमी, ते त्याच्या स्वर्गात भरपूर असतं, आणि ज्याला जे नको तेच तिथे गायब.

आता नावाकडे येऊ. 'एल्युसिऑन' म्हणजे काय, यावर प्राचीन काळापासून तर्क लढवले गेले आहेत. कुणी त्याला 'सुटणे' या क्रियापदाशी जोडलं, कुणी 'येणे'शी. एल्युसिस नावाच्या गावी देमेतेर देवीचे गूढविधी चालत आणि दीक्षा घेतलेल्यांना मरणानंतरच्या सुखाचं आश्वासन मिळे, म्हणून त्या नावाशीही सांधा जुळवायचा मोह होतो. मला सगळ्यांत रोचक वाटतं ते विजेचं स्पष्टीकरण. हेसिखिओस नावाचा अलेक्झांड्रियाचा जुना कोशकार 'एल्युसिऑन'चा अर्थ देतो: वीज पडलेली जागा किंवा मैदान. पुढे तो सांगतो की अशा जागी पाय ठेवायचा नसतो आणि त्यांना 'एनेल्युसिया' असंही म्हणतात. ग्रीक लोक वीज पडलेल्या जमिनीला खरोखरच कुंपण घालून ती देवासाठी राखून ठेवत. झ्यूसने स्वतः स्पर्श केलेली जागा ती. विजेने मेलेल्या माणसाचं प्रेतही पवित्र मानून वेगळं पुरत असत.

हा धागा धरून जर्मन अभ्यासक वॉल्टर बुर्केर्ट याने 1961 साली मांडणी केली की 'एनेल्युसिऑन' हा अखंड शब्द ऐकणाऱ्याने चुकीच्या जागी तोडला. ग्रीकमध्ये 'एन' म्हणजे 'मध्ये'. म्हणजे 'वीज पडलेलं' या शब्दातून 'एल्युसिऑनमध्ये' असं ऐकू आलं आणि एक नवीच जागा जन्माला आली. हे ओढूनताणून वाटत असेल तर नारिंगाची गोष्ट आठवा. आपलं नारिंग फारसी-अरबी वाटेने युरोपात गेलं आणि तिथे त्याचा सुरुवातीचा 'न' आधीच्या उपपदात विरघळून 'ऑरेंज' झालं. तरी बुर्केर्टचं मत सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. काही जण हा शब्द ग्रीकांच्या आधी त्या भूमीवर बोलल्या जाणाऱ्या भाषेतला मानतात. तिथल्या राडामांथिसच्या नावात 'न्थ' आहे, आणि 'कोरिन्थ', 'लॅबिरिन्थ' अशा ग्रीकपूर्व नावांतही तोच जोड दिसतो. राडामांथिस हा क्रीटच्या मिनोस राजाचा भाऊ, आणि तो तिथे राहतो म्हटल्यावर नावही तिकडचंच असेल, हा तर्क मला विजेइतकाच पटतो. कोशात नोंद करताना मी 'व्युत्पत्ती अनिश्चित' एवढंच लिहिते.

मग पुण्याई आली कधी? हेसिओद या जुन्या ग्रीक कवीकडे नाव वेगळं आहे, 'सुखी लोकांची बेटं'. तिथे जमीन वर्षातून तीनदा मधासारखी गोड फळं देते आणि ट्रॉय-थिबीसच्या युद्धांतल्या वीरांपैकी काही जण तिथे राहतात. म्हणजे जावयाच्या बरोबरीने मंडळी वाढली. कवी पिंडारने इसवी सनापूर्वी 476 साली सिसिलीतल्या थेरॉन राजाच्या रथशर्यतीतल्या विजयावर स्तोत्र रचलं, त्यात तर चित्र पालटलंच आहे. ज्यांनी इथे आणि तिथे, दोन्हीकडे तीन-तीनदा राहून आत्म्याला पापापासून दूर ठेवलं, ते झ्यूसच्या वाटेने त्या बेटावर पोचतात. पुनर्जन्म आला, आचरण आलं. आणि अकिलीसही आला! त्याच्या आईने झ्यूसची विनवणी करून त्याला तिथे आणवलं, असं पिंडार सांगतो. दुरुस्ती झाली, पण वशिला काही सुटला नाही. प्लेटोने 'गॉर्गिआस' या संवादात शेवटी न्यायालयच बसवलं: मेलेला माणूस उघडा, कपड्यांशिवाय आणि नात्यागोत्याशिवाय न्यायाधीशापुढे उभा राहतो. तिथे आशियातून आलेल्यांचा निवाडा राडामांथिसकडे, युरोपातल्यांचा आयाकोसकडे, आणि अडलं तर शेवटचा शब्द मिनोसचा. मैदानातला सोनेरी केसांचा शेजारी आता न्यायासनावर बसला होता.

ही बेटं खरोखरची आहेत, असंही पुढे लोक मानू लागले. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की रोमन सेनापती सर्टोरिअस याला स्पेनच्या किनाऱ्यावर खलाशी भेटले. त्यांनी अटलांटिकमधल्या दोन बेटांचं असं वर्णन केलं की लढाया सोडून तिकडेच जाऊन राहावं असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या भूगोलतज्ज्ञाने तर आपल्या नकाशातले रेखांश याच सुखी बेटांपासून, म्हणजे आजच्या कॅनरी बेटांच्या आसपासपासून, मोजायला घेतले. शून्य रेखांश स्वर्गात!

आज इंग्रजी साहित्यात जे इलिझियम भेटतं ते बहुतांशी रोमन कवी व्हर्जिलचं. इसवी सनापूर्वी 19 साली तो वारला. त्याच्या 'इनिड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात इलिझियम जमिनीखाली, पाताळातच आहे, पण तिथे स्वतंत्र सूर्य आहे आणि स्वतंत्र तारे आहेत. आत शिरल्यावर पहिलं काय दिसतं? काही जण हिरवळीवर व्यायाम करताहेत आणि काही जण पिवळ्या वाळूत कुस्ती खेळताहेत. बाजूला रिकामे रथ उभे आहेत, भाले जमिनीत रोवलेले आहेत, घोडे मोकळे चरताहेत. हे वाचलं की मला 'मैदान' हाच शब्द योग्य वाटतो, आणि आपल्या तालमीतली तांबडी माती आठवल्याशिवाय राहत नाही. देशासाठी जखमा झेललेले, आयुष्यभर शुद्ध राहिलेले पुरोहित, कवी, कला शोधणारे आणि इतरांच्या उपयोगी पडून आठवणीत राहिलेले, अशांची ही वस्ती. सासऱ्याची चौकशी इथे कुणी करत नाही. यातले थोडे कायमचे राहतात. बाकीचे हजार वर्षांनी लेथे नदीचं पाणी पितात, सगळं विसरतात आणि पुन्हा जन्माला येतात. गीतेतलं 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति' आठवलं ना? व्हर्जिलच्या परंपरेतल्या मजकुरात 'स्वर्ग' शब्द म्हणूनच बराच चालून जातो.

आता पॅराडाइज. हा शब्द अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत 'पइरिदएझ' असा आहे. 'पइरि' म्हणजे आपलं 'परि', सभोवती. 'दएझ' म्हणजे मातीची भिंत, आणि ती 'दिह्' याच धातूतली, ज्यापासून आपला 'देह' आला. लिंपून, थापून घडवलेलं ते देह. ऋग्वेदात शंबराच्या 99 'देही' इंद्राने फोडल्या, त्या देही म्हणजे तटबंदीच. अवेस्तातल्या वेंदिदाद या भागात हा शब्द येतो तो एकट्याने प्रेत वाहून अपवित्र झालेल्या माणसाला वेगळं ठेवण्यासाठी घालायच्या कुंपणासाठी! इतक्या साध्या कामाचा शब्द पुढे इराणी राजांच्या भिंतीआडच्या बागांना आणि शिकारीच्या रानांना लागला, आणि क्सेनोफोन या अथेन्सच्या लेखकाने तो 'पारादेइसोस' असा ग्रीकमध्ये वापरला.

त्याची एक हकिकत मला फार आवडते. स्पार्टाचा सेनापती लिसांडर सार्डिसला राजपुत्र सायरसची बाग पाहतो. झाडं एका ओळीत, अंतरं सारखी, चालताना सगळीकडून सुगंध. ज्याने हे आखून दिलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, असं तो म्हणतो. सायरस म्हणतो, आखणी माझी, आणि काही झाडं तर मी स्वतः लावली आहेत. लिसांडर त्याच्या उंची वस्त्रांकडे, गळ्यातल्या-हातातल्या दागिन्यांकडे पाहतच राहतो. त्यावर सायरस मिथ्राची शपथ घेऊन सांगतो की घाम गाळल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. तेव्हा पॅराडाइज म्हणजे मुळात हातांनी लावलेली, भिंत घातलेली बाग. हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी एदेनच्या बागेला हाच शब्द वापरला, तिथून तो ख्रिस्ती जगाचा झाला, आणि अरबीत 'फिर्दौस'. कोकणात घरामागच्या कुंपणातल्या जागेला परडं म्हणतात, तेही अर्थाने बरोबर पॅराडाइजच. पण नादाचं साम्य निव्वळ योगायोगाचं आहे, त्यावरून व्युत्पत्ती रचायला जाऊ नका. दर वर्षी कुणीतरी मला ती पाठवतंच.

तुमच्या भाषांतरासाठी मी काय करीन, ते सांगते. मजकुरात झाडं, फुलं, बाग असेल आणि शब्द पॅराडाइज असेल तर 'नंदनवन' उत्तम. काश्मीरला आपण ते लावतोच. ग्रीक-रोमन कथा थेट सांगितली जात असेल तर 'इलिझियम' हे नाव तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला एखादं वाक्य जोडा, 'पृथ्वीच्या पश्चिम टोकाचं सुखी मैदान' असं काहीतरी. 'फील्ड्स'ला 'शेतं' नको हे तर आलंच. पात्राच्या तोंडी तो शब्द नुसता 'गेला', 'वारला' या अर्थी येत असेल तर सरळ मराठी करा. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली व्हायोला म्हणते की मी इलिरियात काय करू, माझा भाऊ तर इलिझियममध्ये आहे. हे इलिझियम म्हणजे आपल्या पत्रिकांवरचं 'कै.' आहे. 'भाऊ वैकुंठाला गेला' म्हटलं तर अर्थ पोचतो, पण इलिरिया-इलिझियम हा ध्वनीचा खेळ हातचा जातो. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तो गेलाच. विशेषण म्हणून 'इलिझियन' आलं तर ते बहुतेक वेळा 'निवांत सुखाचं' एवढंच सांगत असतं. त्यासाठी पुराण उघडायची गरज नाही.

आणि कादंबरी पॅरिसमध्ये घडत असेल तर सांभाळा. तिथला शाँझेलिझे हा रस्ता म्हणजे शब्दशः इलिझियन फील्ड्सच. 1667 साली राजाचा बागकार आंद्रे ल नोत्र याने तिथे झाडांच्या रांगा लावायला घेतल्या आणि 1709 साली त्या जागेला हे नाव मिळालं. तेव्हा नायिका 'शाँझेलिझेवरून चालत कॉफी प्यायला गेली' असं वाक्य आलं, तर तिला मैदानातही पाठवू नका आणि वैकुंठातही.